मित्रांसोबत पुण्यात बाहेर जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा आठ-दहा जणांचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बाहेर जेवतो आणि ठरवाठरवी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे कितीतरी जण फोन करून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच विचारतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं पुण्यापुरतं आहे. कर आणि कायद्याचा भाग मात्र इतर शहरांतही उपयोगी पडेल.

१. कॉलेजचे मित्र बऱ्याच वर्षांनी पुण्यात भेटतोय. जायचं कुठे, हे ठरवायचं कसं?

आधी ठिकाण ठरवू नका. आधी तीन गोष्टी विचारून घ्या : कोण काय खात नाही, कोणाला किती वाजता घरी पोचायचं आहे आणि साधारण किती खर्च सगळ्यांना सहज झेपेल. तिसरा प्रश्न गटात जाहीर विचारला तर कोणी खरं सांगत नाही, म्हणून तो एकेकाला वेगळा विचारावा. एवढं कळलं की ठिकाण आपोआप दोन-तीनांवर येतं.

नुसतं भेटायचं असेल, पोट भरणं दुय्यम असेल, तर फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ किंवा ‘रूपाली’, नाहीतर ‘वाडेश्वर’. इडली, डोसा, फिल्टर कॉफी, वैशालीत शेव-पोटॅटो-दही-पुरी म्हणजे सगळे म्हणतात ती एसपीडीपी. बन-मस्का आणि इराणी चहावर बसायचं असेल तर डेक्कनचं ‘गुडलक’. ते १९३५ पासून आहे, चौकालाच त्याचं नाव पडलंय. नीट बसून मराठी जेवण हवं असेल तर टिळक रस्त्यावरचं ‘दुर्वांकुर’ किंवा आपटे रस्त्यावरचं ‘श्रेयस’. मासे खाणारा गट असेल तर एरंडवण्यातलं ‘निसर्ग’. पारशी धनसाक किंवा बिर्याणी हवी असेल तर कॅम्पातलं ‘दोराबजी’, ते थेट १८७८ चं. साजूक तुपातल्या बिर्याणीसाठी ‘एसपीज’. गटात बाहेरगावचं कोणी असेल तर मी पहिला मान मराठी थाळीला देते, कारण बिर्याणी त्यांना त्यांच्या गावीही मिळते, अळूची भाजी आणि मसालेभात तसा मिळत नाही.

२. वैशाली, गुडलक अशा ठिकाणी टेबल आधी राखून ठेवता येतं का?

अशा गर्दीच्या जुन्या ठिकाणी फोनवर टेबल मिळेल असं धरून चालू नका. दाराशी नाव सांगायचं, किती माणसं ते सांगायचं आणि थांबायचं. नाव पुकारलं की तिथे हजर असावं लागतं. ‘बाकीचे येतातच आहेत, पार्किंगला आहेत’ हे शनिवारी सकाळी चालत नाही आणि चालू नये, मागे वीस माणसं उभी असतात. म्हणून वेळ सांगताना मी गटाला जेवणाची वेळ सांगतच नाही, दाराशी जमायची वेळ सांगते.

मोठ्या रेस्टॉरंटमध्ये आणि कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी भागातल्या बहुतेक ठिकाणी टेबल राखून ठेवतात. तिथे आदल्या दिवशी फोन करावा आणि माणसं कमी झाली तर तेही कळवावं. ‘किती वेळ टेबल धरून ठेवाल?’ हे नक्की विचारा. पंधरा मिनिटांनी ते सोडून देणारी ठिकाणं आहेत.

३. आम्ही बारा जण आहोत. एकत्र बसायला मिळेल?

जुन्या हॉटेलात चौघांची टेबलं असतात आणि ती जोडायला जागा नसते. बारा जणांनी एकत्रच बसायचा हट्ट धरला तर तासभर थांबावं लागतं. चार-चारचे तीन गट करून बसा आणि जेवण झाल्यावर गप्पांना एकत्र या (प्रश्न १४ पाहा). खरंच एका टेबलावर बसायचं असेल तर थाळीचं ठिकाण किंवा आधी टेबल राखणारं मोठं रेस्टॉरंट बघा. माझा अनुभव असा की आठच्या पुढे गेलं की टेबलाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात, त्यामुळे वेगळं बसल्याने फार काही हुकत नाही.

४. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी गर्दी कमी असते?

शनिवार-रविवारी नाश्त्याला साडेआठच्या आत पोचलात तर बरं, त्यानंतर अकरापर्यंत रांग. रात्री साडेसात ही चांगली वेळ. नऊ ही सगळ्यात वाईट. थाळीची बरीच ठिकाणं दुपारी तीनच्या सुमाराला बंद होतात आणि संध्याकाळी सातनंतर उघडतात, हे बाहेरगावच्या मित्रांना आवर्जून सांगा. जुन्या खानावळींत रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री अनेक जण बंद ठेवतात, तेव्हा रविवारी रात्री तिकडे जायचं तर आधी फोन करा.

पंचांगाकडेही लक्ष असू द्या. श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रविवार म्हणजे चिकन-मटणाच्या ठिकाणी तोबा गर्दी. श्रावणात आणि गणपतीपर्यंत तीच ठिकाणं निवांत असतात, ज्यांना चालतं त्यांनी तेव्हा जावं. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळी पेठांमधले रस्ते बंद असतात, त्या दिवसांत नारायण, सदाशिव, शनिवार पेठेतला बेत करू नका. आंबा सुरू झाला की आमरसाच्या थाळ्यांना गर्दी होते आणि दरही वेगळा असतो. रस वाटीवर की हवा तेवढा, हे बसण्याआधीच विचारून घ्या.

५. गाडी कुठे लावायची?

गाडी नेऊच नका. फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुठेच चारचाकीला धड जागा मिळत नाही आणि जागा शोधण्यात एक जण अर्ध्या गप्पांना मुकतो. डेक्कन जिमखाना मेट्रो स्थानकावरून गुडलक चौकात पायी जाता येतं. शनिपाराकडे जायचं असेल तर मंडई स्थानक सोयीचं. रात्री परतीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते निघतानाच बघून ठेवा.

६. मिसळ खायची आहे. पण आमच्यात कोल्हापूरचेही आहेत आणि तिखट न खाणारेही.

पुण्यातली मिसळ एका चवीची नाही, म्हणून हा प्रश्न सोपा आहे. नारायण पेठेतल्या ‘बेडेकर’ची मिसळ गोडसर रश्श्याची असते आणि सोबत स्लाइस ब्रेड मिळतो. तिखट न खाणारे, मुलं आणि म्हातारी माणसं तिथे खूश असतात. कोल्हापूरकरांना मात्र ती मिसळ वाटत नाही. त्यांना एरंडवण्यातल्या ‘काटाकिर्र’ला न्या किंवा टिळक रस्त्यावरच्या ‘रामनाथ’ला. ‘रामनाथ’चा रस्सा लालभडक असतो, पहिल्या चमच्यालाच कान गरम होतात. मधलं काही हवं असेल तर शनिपाराजवळचं ‘श्री उपाहारगृह’.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे, दुपारी उशिरा गेलात तर संपलेली असू शकते. आणि तिखट कमी हवं असेल तर ‘तिखट कमी करा’ म्हणून उपयोग नाही, रस्सा एकाच पातेल्यातून येतो. ‘सँपल वेगळं द्या’ म्हणा, म्हणजे रस्सा निराळा येतो, मग ज्याने त्याने आपल्या वाटीत हवं तेवढं ओतून घ्यावं. सोबत दही मागवा.

७. आमच्यात शाकाहारीही आहेत आणि मांसाहारीही. एकत्र कुठे जावं?

आधी शाकाहारी माणसाला विचारा की त्याला नेमकं काय चालतं. कोणाला शेजारच्या ताटात मासा चालतो, कोणाला त्याच स्वयंपाकघरातलंही चालत नाही. पहिल्या प्रकारच्या माणसासोबत कुठेही जाता येतं, फक्त तिथे शाकाहारी पदार्थ चार-पाच तरी असावेत. मासे मिळणाऱ्या ठिकाणी शाकाहारी मित्राला दर वेळी पनीर आणि दाल फ्राय खायला लावणं मला पटत नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसासोबत शुद्ध शाकाहारी ठिकाणीच जावं, आणि मांसाहारी मंडळींनी त्यावर कुरकुर करू नये. वर्षातून बारा जेवणं होतात, त्यातली चार-सहा थाळीची झाली तर कोणाचं काही जात नाही.

उपवास, जैन किंवा अ‍ॅलर्जी असेल तर पुढचा प्रश्न बघा.

८. उपवास, जैन जेवण, अ‍ॅलर्जी : हॉटेलात काय विचारायचं?

एकादशी, चतुर्थी किंवा गुरुवार असेल तर सकाळच्या उपाहारगृहांत साबुदाण्याची खिचडी, उपवासाची मिसळ, कुठे कुठे उपवासाचं थालीपीठ मिळतं. घरोघरचे उपवासाचे नियम वेगळे असतात. कोणाला कोथिंबीर चालते, कोणाला नाही. ते ज्याचं त्याने सांगावं, बाकीच्यांनी वाद घालू नये.

जैन मित्रासाठी ‘कांदा-लसूण नाही ना?’ एवढं विचारून भागत नाही, बटाटाही नको असतो. मसाला डोशातली भाजी, पावभाजी, बटाटेवडा हे सगळं बाद. ‘जैन करून मिळेल का?’ असं सरळ विचारा. पंजाबी पद्धतीच्या ठिकाणी रस्सा आधीच करून ठेवलेला असतो आणि त्यात कांदा असतोच, तिथे तव्यावरची कोरडी भाजी किंवा साधं वरण मागवावं.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मराठी जेवणात फार जपावं लागतं. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, काही उसळी, चटण्या, सगळीकडे दाण्याचा कूट असतो आणि तो दिसत नाही. ‘शेंगदाणे आहेत का?’ असं विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण विचारणाऱ्याच्या मनात आख्खे दाणे आहेत असं वाढप्याला वाटतं. ‘कूट आहे का?’ असंच विचारा. थाळीत वाढपी भराभर वाढत जातात, म्हणून अशा माणसाने बसल्या बसल्या सांगून ठेवावं आणि शेजारच्यानेही लक्ष ठेवावं. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर आणखी एक गोष्ट : बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे फोडणीतूनही तो पोटात जातो.

९. थाळी घ्यावी की मेन्यूवरून मागवावं? दोघांत एक थाळी चालते का?

दोघांत एक थाळी चालत नाही. हवं तेवढं वाढणाऱ्या ठिकाणी ते मागूही नये. ज्याला कमी भूक आहे त्याने बरोबर येऊन नुसतं बसायचं म्हटलं तरी काही ठिकाणी पैसे लागतात, म्हणून आधी विचारावं.

सगळ्यांची भूक सारखी असेल आणि हिशेबाची कटकट नको असेल तर थाळी उत्तम, माणशी दर ठरलेला असतो. पण थाळीच्या ठिकाणी फार वेळ बसता येत नाही. बोलायला बसायचं असेल तर मेन्यूवरून मागवण्याच्या ठिकाणी जा.

१०. किती मागवायचं? आमचं दर वेळी उरतं.

कारण सगळे एकदम, भुकेल्या पोटी मागवतात. पंजाबी पद्धतीच्या जेवणात सहा जणांना दोन स्टार्टर, तीन भाज्या, एक डाळ आणि दोन भात बहुतेक वेळा पुरतात. रोट्या पहिल्या फेरीला माणशी एक, मग लागतील तशा. भात सुरुवातीला मागवूच नका. रोट्या खाऊन झाल्यावर निम्मे जण ‘मला नको’ म्हणतात. मागवायचं काम एकाच माणसाने करावं आणि त्याने ते मोठ्याने वाचून दाखवावं. स्टार्टर मागवताना ‘एका प्लेटमध्ये किती पीस?’ हे विचारा, म्हणजे सहा माणसांत पाच कबाब अशी वेळ येत नाही. सूप ‘वन बाय टू’ सगळीकडे मिळतं.

उरलंच तर बांधून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हवी तेवढी वाढणारी थाळी असेल तर उरलेलं बांधून देत नाहीत, तिथे पानात हवं तेवढंच घ्यावं. ‘नको’ म्हणायचं असेल तर वाटीवर आडवा हात धरा. वाढपी पुढे सरकलेले असतात, तोंडाने म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही.

११. बिल कसं वाटायचं? समान, की ज्याने जे खाल्लं ते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं यावर ठाम मत आहे : समान वाटणी फक्त तेव्हाच, जेव्हा सगळ्यांनी साधारण सारखं खाल्लं-प्यायलं असेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका महागड्या ठिकाणी गेलो होतो. आमच्यातल्या एकाची नोकरी त्याच महिन्यात गेली होती, ते आम्हाला माहीत नव्हतं. त्याने डाळखिचडी मागवली आणि पोट बरं नाही म्हणाला. बाकीच्यांनी मासे, कबाब, बिअर मागवली. शेवटी कोणीतरी म्हणालं, ‘भागिले सात.’ त्याने हसत हसत ११५० रुपये दिले. पुढचे चार महिने तो दर वेळी ‘काम आहे’ म्हणत आला नाही. कारण कळलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. खिचडी दीडशे-दोनशेची होती आणि हिशेब मीच केला होता.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. जेवणाचा भाग सगळ्यांत, पेयांचा भाग पिणाऱ्यांत, आणि कोणी अगदी थोडं खाल्लं असेल तर त्याचं वेगळं. उदाहरण घ्या. सहा जण, जेवणाचे ३६०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी १८०, आणि तिघांनी घेतलेल्या बिअरचे व्हॅट धरून १८००. जेवण माणशी ६३०. बिअर पिणाऱ्यांना वर ६००. म्हणजे तिघे ६३० देतील, तिघे १२३०, बेरीज ५५८०. फोनवर दोन मिनिटांत होतं. एकाने सगळं बिल भरायचं, बिलाचा फोटो गटात टाकायचा, समोर प्रत्येकाचा आकडा लिहायचा आणि त्याच रात्री यूपीआयने पैसे द्यायचे. ‘उद्या देतो’ म्हटलं की भरणाऱ्याला आठवण करून द्यायचं ओझं होतं.

पूर्ण टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हे नाश्त्याला ठीक आहे. जेवणात चार भाज्या मध्ये ठेवलेल्या असतात, तिथे चपात्या मोजत बसणं बरं नाही. वेगवेगळी बिलं हवी असतील तर ऑर्डर देतानाच सांगा. गर्दीच्या वेळी, बिल छापून आल्यावर सांगितलं तर ते पुन्हा करायला लागतं.

१२. बिलात जीएसटी किती असायला हवा? काही ठिकाणी नसतोच, ते कसं?

साध्या रेस्टॉरंटमध्ये पाच टक्के, बिलावर अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. एसी असो वा नसो, दर तोच. ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये अठरा टक्के लागतो. लग्नाच्या वाढदिवसाला पंचतारांकित ठिकाणी जाणाऱ्यांनी हा फरक धरून चालावं, मेन्यूतले दर बहुधा कराविना असतात.

छोट्या हॉटेलांचं दोन प्रकारे असतं. काहींची उलाढाल इतकी कमी असते की नोंदणीच लागत नाही. काही जण कंपोझिशन योजनेत असतात. ते आपल्या खिशातून कर भरतात आणि ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाहीत, तसं बिलावर लिहिलेलंही असतं. म्हणून ज्या बिलावर जीएसटी क्रमांकच नाही पण कराची ओळ आहे, ते बिल परत दाखवून शांतपणे विचारावं. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून त्याचं बिल बऱ्याचदा वेगळं येतं. एक जानेवारी २०२२ पासून अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असायला हवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो (प्रश्न १६).

१३. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का? मग टीप?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही, आणि तो न दिल्यास प्रवेश नाकारता येणार नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली. बिलात दिसला तर ‘हा काढून द्या’ एवढंच म्हणायचं. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. सर्व्हिस चार्ज वेगळा आणि जीएसटी वेगळा. जीएसटी काढा म्हणून भांडणारेही मी पाहिले आहेत, तो काढता येत नाही.

सर्व्हिस चार्ज काढायला लावलात तर टीप मात्र ठेवा. मला स्वतःला पाच ते दहा टक्के योग्य वाटतं, थाळीच्या ठिकाणी माणशी वीस-तीस रुपये. रोख द्या आणि वाढणाऱ्याच्या हातात द्या. यूपीआयने दिलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात, ते पुढे पोचले की नाही आपल्याला कळत नाही. एक जण वाढतो, दुसरा टेबल पुसतो, आणि त्या दुसऱ्याकडे कोणी बघतही नाही. आमच्या गटात आता त्याच्यासाठी वेगळे वीस रुपये ठेवायची सवय लागली आहे.

हाक मारताना ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणा. चुटकी वाजवणाऱ्या मित्राला तिथल्या तिथे थांबवा.

१४. जेवण झाल्यावर किती वेळ बसलं तर चालतं?

दाराशी रांग असेल तर बिल भरल्यावर उठावं. वैशालीत कॉफी संपल्यावर पाऊण तास बसणं म्हणजे बाहेर उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या आजोबांचा पाऊण तास घेणं. गप्पा बाहेर नेता येतात. डेक्कनला असाल तर झेड ब्रिज, टिळक रस्त्याला असाल तर सारसबाग, सदाशिव पेठेत असाल तर ‘सुजाता’ची मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध) हातात घेऊन उभ्याने. दोन-तीन तास बसायचंच असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी मोठ्या ठिकाणी जा.

१५. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली. हे बरोबर आहे?

टेबलावर बसून घेतली असेल तर कायद्याने चालतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायची सोय आणि सेवाही देतं. काउंटरवरून नुसती बाटली घेतली तर मात्र जास्त देऊ नका. खरं तर बाटली लागतच नाही. पहिल्यांदाच ‘साधं पाणी द्या’ म्हणा. न विचारता बाटली उघडायला लागले तर उघडण्याआधी थांबवा.

१६. पदार्थ खराब निघाला किंवा ताटात काही सापडलं तर?

खाणं थांबवा, फोटो काढा, वाढप्याला न रागावता मॅनेजरला बोलवा. आंबलेली चटणी किंवा कच्ची भाजी असेल तर बदलून देतात, बिलातूनही काढतात. अर्धी प्लेट संपवून मग तक्रार करू नये. किडा, केस, कुबट वास असं काही असेल आणि हॉटेलवाल्यांनी लक्ष दिलं नाही, तर बिल जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

१७. बिअर घ्यायची आहे. गटातले काही जण बावीस-तेवीस वर्षांचे आहेत.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकीच्या मद्यासाठी २५. म्हणजे तेवीस वर्षांच्या मित्राला बिअर मिळेल, व्हिस्की नाही. त्याच्यासाठी दुसऱ्याने मागवून द्यायचा प्रकार करू नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीचा जो अपघात झाला, त्यानंतर पुण्यात ओळखपत्र बघण्यात कडकपणा आला आणि तो असायलाच हवा होता. ओळखपत्र सगळ्यांनीच जवळ ठेवा. पिण्याचा परवानाही कायद्याने लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे तिन्ही मिळतात. एक दिवसाचे परवाने बऱ्याच ठिकाणी जागेवरच देतात.

जो प्यायला आहे तो गाडी चालवणार नाही, हे निघण्याआधी ठरवा. आमच्याकडे किल्ल्या आधीच न पिणाऱ्याकडे जातात.

१८. वाढदिवस आहे, केक बाहेरून नेला तर चालेल?

फोन करून विचारा. मोठ्या ठिकाणी बहुधा चालतो, काही जण त्याचे वेगळे पैसे लावतात. जुन्या उपाहारगृहांत गर्दीच्या वेळी नेऊच नका. सुरी, काडेपेटी, कागदी डिश आपली न्या. फेसाचे फवारे अजिबात नकोत. शेजारच्या ताटात उडतात आणि मेणबत्तीजवळ पेट घेऊ शकतात.

१९. कोणाचे आई-बाबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर?

जिने बघा. पुण्यातली बरीच चांगली जेवणाची ठिकाणं पहिल्या मजल्यावर आहेत आणि तिथे लिफ्ट असेलच असं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिन्याखाली पोचल्यावर हे कळू नये. फोन करताना ‘तळमजल्यावर बसायला मिळेल का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का?’ हे दोन्ही विचारा. मुलासाठी पहिल्यांदा गरम वरणभात किंवा साधा डोसा मागवा, मोठ्यांचं नंतर.

२०. एक जण दर वेळी आग्रहाने सगळं बिल भरतो. घेऊ द्यावं का?

वाढदिवस, बढती, पहिला पगार, घरात बाळ आलं, अशा वेळी जरूर. तेव्हा अडवणं म्हणजे त्याचा आनंद अडवणं. दर वेळी मात्र नको, कारण मग बाकीचे मागवताना हात आखडता घेतात आणि बेत त्याच्या सोयीने ठरायला लागतात. आम्ही त्याला सांगतो, ‘जेवण वाटून, मस्तानी तुझ्याकडून.’ तो खूश असतो.

२१. आणि एकाला खरंच परवडत नाही, पण तो कोणाकडून घ्यायलाही तयार नाही. त्याला कसं बोलवायचं?

बेत बदला, त्याला बदलायला लावू नका. महिन्याचं जेवण एकदा बेडेकरच्या मिसळीवर करा, एकदा गुडलकच्या बन-मस्का-चहावर, एकदा कॅम्पातल्या गार्डन वडापाववर. हे त्याच्यासाठी केलंय असं कोणी बोलायचं नाही, गटातही नाही आणि खाजगीतही नाही. आणि हे दोन-तीन महिने सलग करा, एकदाच केलं तर त्याच्या लगेच लक्षात येतं. प्रश्न ११ मधला आमचा मित्र असाच एका रविवारी सकाळी साडेआठला बेडेकरच्या दाराशी येऊन उभा राहिला, आमच्या सगळ्यांच्या आधी.